गाडी ओढत नाही? आधी कारण विचारूया



भरलेल्या गाडीनं चढावर दम टाकला की पोटात कसा गोळा येतो, हे ज्यांच्या गटाकडे पिकअप आहे त्यांना सांगायला नको. आमच्या गटावर ही वेळ गेल्या दसऱ्यानंतर आली. त्यात आम्ही कुठं फसता फसता वाचलो आणि काय शिकलो, ते आज सांगणार आहोत. विषय जरा नवा आहे. गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर आणि त्याचं ट्यूनिंग. 'हे बाप्यांचं काम' असं म्हणून रेडिओचा कान पिळू नका. गाडीचा हप्ता आपण भरतो, तर तिच्या पोटात काय चाललंय हेही आपल्याला कळायला हवं.

आम्ही बाराजणी. बँकेचं कर्ज काढून डिझेल पिकअप घेतली, ती आमच्यातलीच एकजण चालवते. सकाळी नऊ वाड्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचे आणि खिंड चढून साडेसातच्या आत चिलिंग सेंटरला पोचायचं, हा रोजचा नेम. दसऱ्यानंतर गाडी खिंडीत मागं रेटायला लागली. आधी तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी दुसऱ्यावर आली, मग पहिल्यावर. एका वळणावर तर ती मागं सरकते की काय असं झालं. चालवणारीचे हात घरी आल्यावरही थरथरत होते. त्या आठवड्यात एके दिवशी उशीर झाला आणि १६० लिटर दूध परत आलं. ३५ रुपयांनी ५,६०० रुपये. ज्यांचं दूध होतं त्यांना ते पैसे गटाच्या पेटीतून द्यावे लागले.

बाजाराच्या दिवशी एक मुलगा भेटला. हातात लॅपटॉप, बोलायला गोड. म्हणाला, "मावशी, गाडीत दोष काही नाही. कंपनीनं ताकद मुद्दाम दाबून ठेवलीय. पंधरा मिनिटांत मोकळी करून देतो. वीस टक्के ताकद वाढेल, ॲव्हरेजही वाढेल. १५,००० रुपये." आणि मोबाइलवर त्यानं आम्हाला अमेरिकेतल्या गाड्यांचे व्हिडिओ दाखवले. दारं नाहीत, वर लोखंडी पिंजरा, मोठाली चाकं, आणि वाळूच्या टेकड्यांवरून उड्या! "या गाड्यांना हेच करतात," तो म्हणाला.

रात्री बैठक झाली. बारापैकी आठजणी हो म्हणाल्या. खरं सांगायचं तर आम्हाला दूध वेळेवर पोचवायचं होतं, बाकी काही सुचत नव्हतं. फक्त चालवणारी म्हणाली, "मागच्या वर्षी हीच गाडी एवढंच ओझं घेऊन चढत होती. मग ताकद गेली कुठं, ते आधी बघूया." तिच्या एका वाक्यावर आम्ही आठ दिवस मागून घेतले. आमच्यातल्या एकीची लेक आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स करते. तिला बसवून घेतलं आणि विचारलं, बाई गं, हे ट्यूनिंग म्हणजे आहे तरी काय?

तिनं आम्हाला जसं समजावलं, तसंच सांगतो.

जुनी मोटरसायकल आठवा. थंडीत सकाळी चोक ओढावा लागायचा. गार इंजिनाला जरा जास्त पेट्रोल लागतं, ते चोक ओढल्यावर मिळायचं. इंजिन तापलं की आपणच चोक आत ढकलायचो. मेकॅनिक स्क्रू पिळून 'ॲव्हरेजचं सेटिंग' करून द्यायचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि बहुतेक दुचाक्यांचा कार्बोरेटर गेला. आता चोकचं आणि स्क्रूचं काम एक छोटा कॉम्प्युटर करतो. त्याला ईसीयू म्हणतात. डिझेल पिकअपमध्येही तो असतो. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले, तेव्हा ज्यांच्याकडे त्यानंतरचा असा मोठा ट्रॅक्टर आहे त्यांनीही ऐकून ठेवावं.

हा कॉम्प्युटर करतो काय? इंजिनावर जागोजागी सेन्सर असतात. इंजिन किती फिरतंय, पाणी किती तापलंय, हवा किती आत येतेय, पाय ॲक्सिलरेटरवर किती दाबलाय, हे सगळं ते त्याला कळवत राहतात. कॉम्प्युटरच्या पोटात एक मोठा तक्ता असतो. आपल्या बचतीच्या वहीसारखा. वहीत उभ्या रकान्यात सभासद, आडव्या ओळीत महिने आणि प्रत्येक चौकटीत आकडा. या तक्त्यात एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत लिहिलेलं असतं की इंधन किती सोडायचं आणि कधी. इंजिनाच्या एकेका फेऱ्याला तो ही वही बघतो.

ट्यूनिंग म्हणजे लॅपटॉप जोडून ही वही वाचायची, काही चौकटींतले आकडे बदलायचे आणि वही परत गाडीत भरायची. कुणी याला रिमॅप म्हणतं, कुणी चिप टाकणं म्हणतं.

आता त्या व्हिडिओतल्या गाड्या. त्यांना साइड-बाय-साइड म्हणतात, कारण चालवणारा आणि सोबतचा शेजारी शेजारी बसतात. मोटारीसारखं स्टिअरिंग, सीट बेल्ट आणि डोक्यावर पिंजरा. अमेरिकेत मोठ्या शेतांवर आणि गुरांच्या कुरणांवर चारा, कुंपणाचे खांब, अवजारं न्यायला त्या वापरतात. ते कामाचे प्रकार. दुसरे हौसेचे, ते वाळूत आणि डोंगरात पळवायचे. त्यांचं इंजिन बहुधा पेट्रोलचं, हौसेच्या मोठ्या गाड्यांत ९०० ते १,००० सीसीचं, काहींना टर्बोही असतो.

तिथले लोक ट्यूनिंग का करतात? वाळूत चालवायला ते वेगळी, जड चाकं बसवतात. सायलेन्सर बदलून मोकळा करतात. हवा आत घेण्याचा मार्ग बदलतात. इंजिनात येणारी हवाच बदलली, तर आधीची वही चुकीची ठरते. पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. पूर्ण जोरात पळवताना इंजिन जास्त तापू नये म्हणून पेट्रोल थोडं वाढवावं लागतं. हवा वाढली आणि इंधन तेवढंच राहिलं तर इंजिन तापतं. म्हणून गाडी रोलरवर चढवून, मोजमाप घेत घेत, नव्या सामानाला जुळेल अशी नवी वही लिहितात. चांगला ट्यूनर रेडिएटरचा पंखा लवकर सुरू होईल असंही करून देतो. कारण चिखलवाळूत गाडी हळू चालते, वारा लागत नाही.

म्हणजे तिथं आधी गाडी बदलते, मग वही बदलते. आमच्या गाडीत तर काहीच बदललं नव्हतं.

लेकीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला फार पटली. त्या गाड्यांत आपल्या स्कूटरसारखाच रबरी पट्टा असतो. इंजिनाची ताकद त्या पट्ट्यावरून चाकांकडे जाते. वहीत आकडे वाढवून इंजिनाची ताकद वाढवली, पण पट्टा तोच ठेवला, तर तो घसरतो, तापतो, जळतो. मग दाट वाळूत, माणसांपासून लांब गाडी उभी. म्हणून जाणते लोक ताकद वाढवताना पट्टा आणि पट्ट्याच्या पुलीतली वजनंही बदलतात. पंधरा मिनिटांचं काम ते नव्हेच.

त्या गाड्यांच्या काही मॉडेलांत अशी सोय असते की सीट बेल्ट लावला नाही तर वेग ताशी सुमारे २४ किलोमीटरच्या पुढं जात नाही. गाडी उलटली तर बेल्ट लावलेला माणूस पिंजऱ्याच्या आत राहतो, न लावलेला बाहेर फेकला जातो आणि त्याच पिंजऱ्याखाली सापडतो. तरी काही ट्यूनर ही मर्यादाही काढून देतात आणि घेणारे घेतात. कॉम्प्युटर आपल्याला अडवतो तेव्हा दर वेळी कंपनीची लबाडी नसते, हे आम्हाला तिथं कळलं.

मग तो मुलगा 'ताकद दाबून ठेवलीय' म्हणाला, ते सगळंच खोटं होतं का? नाही. कंपनी थोडी ताकद हातची राखून ठेवते. आपण गटात राखीव निधी ठेवतो ना, तसंच. एखाद्या वेळी भेसळीचं डिझेल मिळतं, मे महिन्यात चढावर इंजिन तापतं, ऐन सुगीत सर्व्हिसिंग लांबतं. तेव्हा ही शिल्लक इंजिनाला वाचवते. ट्यूनर ती शिल्लक काढून आपल्या हातात ठेवतो. धडधाकट इंजिन, नीट मोजमाप आणि जाणता माणूस असेल तर ताकद खरंच वाढते. पण निधी आजच खर्चला तर उद्याच्या अडचणीला पेटीत काय राहील? शिवाय इंजिनाची ताकद वाढली म्हणून ब्रेक वाढत नाहीत, क्लच प्लेट जाड होत नाही. डिझेल गाडीत इंधन वाढवलं आणि त्याला पुरेशी हवा नसली, तर काळा धूर निघतो, टर्बो तापतो. आजच्या डिझेल इंजिनात इंधन हजार बारच्याही वरच्या दाबानं फवारतात. मोटारीच्या चाकात हवा असते ती साधारण दोन-सव्वादोन बारची. एवढ्या दाबाच्या कामात अंदाजानं आकडे भरायचे नसतात.

आणि दोष असलेल्या इंजिनाची शिल्लक काढणं म्हणजे आजारी बाईला औषध न देता दुप्पट ओझं उचलायला लावणं.

आठ दिवस संपायच्या आत आम्ही गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. चौघीजणी गेलो. मेकॅनिकनं स्टिअरिंगखालच्या जागेत स्कॅनर लावला आणि विचारलं, "चेक लाइट कधीपासून पेटलाय?" आम्ही म्हटलं, लाइट कुठला? त्यानं मीटरच्या काचेकडे बोट केलं. खंडेनवमीला गाडीची पूजा केली तेव्हा आम्हीच तिथं देवीचं स्टिकर लावलं होतं. ते नखानं काढलं, तर खाली पिवळा दिवा जळत होता. किती दिवस जळत होता कोण जाणे. आम्ही चौघी एकमेकींकडे बघायला लागलो. हसावं की रडावं कळेना.

दोष दोन निघाले, एकातून दुसरा. टर्बोकडून इंजिनाला हवा नेणाऱ्या रबरी पाइपला चीर गेली होती. हवा तिथून निसटायची, इंजिनाला कमी पडायची, त्यामुळे काजळी जास्त व्हायची. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. आमच्या गाडीची ती गाळणी तुंबत चालली होती.

ही गाळणी स्वतःला साफ करते. काजळी साठली की कॉम्प्युटर जास्तीचं इंधन सोडून धुराची उष्णता ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालावी लागते. आम्ही काय करत होतो? नऊ वाड्या, नऊ थांबे, आणि डिझेल वाचवायचं म्हणून प्रत्येक थांब्याला इंजिन बंद. काजळी जळायला सुरुवात व्हायची आणि आम्ही किल्ली फिरवायचो. शेवटी कॉम्प्युटरनं दिवा पेटवला. तरी आम्ही बघितलं नाही, तेव्हा इंजिन वाचावं म्हणून त्यानंच ताकद कमी केली. गाडी दुबळी झाली नव्हती. ती सांगत होती की काहीतरी दुखतंय.

नवा पाइप, नवा एअर फिल्टर, गाळणी मशीन लावून साफ केली, मजुरी धरून ३,४०० रुपये. दुसऱ्या दिवशी गाडी खिंड तिसऱ्या गिअरवर चढली. चालवणारीनं वरून फोन केला, काही बोलली नाही, नुसती हसत होती.

आम्ही १५,००० रुपये देऊन ट्यूनिंग करून घेतलं असतं तर? फाटलेल्या पाइपवर इंधन आणखी वाढलं असतं, काजळी आणखी झाली असती. मग गाळणीच काढून टाकायचा सल्ला मिळाला असता. त्या मुलानं तेही सुचवलं होतं, "गाळणीची कटकटच नको, काढून टाकू, कॉम्प्युटरला कळणारही नाही." मैत्रिणींनो, धुरानं डोळे कसे चुरचुरतात, छाती कशी भरते, हे चुलीपुढं जन्म घालवलेल्या आपल्याइतकं कुणाला कळणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली सांगितलं की डिझेलच्या धुरानं माणसाला कर्करोग होतो. आपली गाडी वाडीत थांबते तेव्हा कॅन घेऊन मागं उभ्या कोण असतात? आपल्याच सुना आणि लेकरं.

कायद्याचंही ऐका. कंपनीनं ठरवून दिलेल्यापेक्षा वेगळा बदल गाडीत परवानगीशिवाय करता येत नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक म्हणजे आपण, लॅपटॉपवाला नव्हे. वॉरंटी नाकारली जाऊ शकते, अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. त्या साइड-बाय-साइड गाड्या रस्त्याबाहेर चालतात, तरी अमेरिकेतही त्यांना धुराचे नियम आहेत आणि धूर अडवणारी यंत्रणा निकामी करणं तिथंही बेकायदा आहे. व्हिडिओत हे कुणी दाखवत नाही.

तो मुलगा वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. पोटासाठी फिरत होता. पण त्यानं आम्हाला एकदाही विचारलं नाही की गाडी कधीपासून ओढत नाही. वैद्यानं नाडी न बघता औषध दिलं तर आपण घेतो का?

आमच्या गटानं ठराव वहीत पाच गोष्टी लिहून घेतल्यात, तुम्हीही लिहून घ्या.

पहिली, रोज सकाळी किल्ली फिरवली की मीटरवरचे दिवे बघायचे. इंजिन सुरू झाल्यावर जो दिवा विझत नाही, तो त्याच दिवशी वहीत नोंदवायचा. मीटरच्या काचेवर काहीही चिकटवायचं नाही. देवीचा फोटो आता आम्ही वर, आरशाजवळ लावलाय.

दुसरी, गाडीची ताकद कमी वाटली तर आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, हवेचे पाइप आणि चाकातली हवा बघायची. मग स्कॅनर. स्कॅनरवर आलेला कोड कागदावर लिहून मागायचा.

तिसरी, डिझेल गाडी आठवड्यातून दोनदा तरी मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटं न थांबता चालवायची. आमची गाडी आता बाजाराच्या दिवशी परत येताना लांबच्या रस्त्यानं येते. गाळणीचा दिवा लागला असेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे चालवायची, मध्येच बंद करायची नाही.

चौथी, गाडीच्या कॉम्प्युटरला कुणी लॅपटॉप जोडायचा असेल तर आधी बैठक. काय बदलणार, जुनी वही परत भरून देणार का, इंजिन बिघडलं तर जबाबदारी कुणाची, हे लेखी घ्यायचं. लिहून द्यायला जो कचरतो, त्याला चहा पाजून वाटेला लावायचं. कंपनी स्वतः कधी कधी नवं सॉफ्टवेअर देते. ते सर्व्हिस सेंटरला भरून घ्यायला हरकत नाही, पण पावती ठेवायची.

पाचवी, जी गाडी चालवते तिचं म्हणणं बैठकीत सगळ्यात आधी ऐकायचं. रोज तिच्या हाताला गाडी कळते. त्या रात्री आम्ही आठजणी एका बाजूला होतो आणि बरोबर होती ती एकटी.

वाचलेल्या पैशांतून आम्ही त्या आयटीआयच्या लेकीला एक छोटा स्कॅनर घेऊन दिला. आता आसपासच्या दोन गटांच्या गाड्याही ती बघते, पन्नास रुपये घेते आणि कोड वहीत लिहून देते. तुमच्या गावातही अशी एखादी लेक असेल. तिला विचारा, तिला बोलवा.

गाड्या जपून चालवा, सीट बेल्ट लावा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. राम राम.